बोट बंद होती ते तीन दिवस

तुझ्या निधनाची बातमी चार ओळींची आली. वडनेर भोलजी येथील ज्येष्ठ पत्रकारांच्या पत्नी, अमक्यांच्या सून, अल्पशा आजाराने, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात पती, मुलगी आणि सासरे. मजकुरात एक चूक होती. तू आजारी नव्हतीस. बाकी सगळं बरोबर होतं. अशा बातम्या मी मलकापूरच्या कार्यालयात बसून तीस वर्षं लिहिल्या आणि चार ओळींत माणूस नीट बसतो असं मला वाटत आलं. तुझी वाचताना दिसलं, की त्यात तुझं स्वतःचं म्हणावं असं फक्त नाव होतं. निर्मला. उरलेला सगळा मजकूर आमच्याबद्दल होता.

जे राहिलं ते इथे लिहितो. जन्म, शिक्षण, लग्न सोडून देतो. ग्रीसमधल्या त्या गावातले सहा दिवस लिहितो. पस्तीस वर्षांत आपण दोघंच एका खोलीत सलग राहिलो ते तेवढेच दिवस. आणि तिथे तू मला एक काम सांगितलं होतंस.

अश्विनीला पुण्यात तिच्या कंपनीने बक्षीस दिलं होतं: समुद्रकाठच्या एका जुन्या गावातल्या मोठ्या हॉटेलात तीन रात्री, दोन माणसांसाठी. तिचं लग्न झालेलं नव्हतं आणि रजाही नव्हती. तिने आपली नावं देऊन टाकली. फोनवर तू आधी नाहीच म्हणालीस. कारण एकच दिलंस, "मामाजीचं कोन पाहीन?"

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तुझ्या मामाजींना, अर्धांगवायू होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. उजवी बाजू गेलेली, जीभ जड, डोकं साफ. दवाखान्यातून घरी आणलं त्या पहिल्या महिन्यात शांताबाईने, माझ्या मोठ्या बहिणीने, भेटायला आलेल्या बायांसमोर एक वाक्य म्हटलं होतं, "आमचे दादा सुनेच्याच हातचं खातात. दुसऱ्याचा घास तोंडात घेत नाईत." तिने ते कौतुकाने म्हटलं. बायांनी ते गावात नेलं. वर्षभरात ते सगळ्यांना माहीत असलेलं सत्य झालं. मीही ते कार्यालयात चारचौघांना सांगितलं, जरा अभिमानानेच. त्या वाक्यापायी तू मलकापूरचं आपलं दोन खोल्यांचं घर सोडून वडनेरला आलीस. मी नोकरीसाठी मलकापुरात राहिलो आणि शनिवार-रविवार येत गेलो. निवृत्त झाल्यावरही तसंच चालू राहिलं. एक साप्ताहिक स्तंभ होता, तेवढं कारण मला पुरलं.

शांताबाई जानेफळहून आठ दिवसांसाठी आली. "जाय वं, जाय," ती तुला म्हणाली, "मी हाव ना. फक्त पितरात मायच्या तिथीले घरी पाह्यजे तुमी. दादाचा जीव त्याच्यात अडकते." माझी आई सवाष्ण गेली, म्हणून तिची तिथी अविधवा नवमीची. आपण अष्टमीला परत येणार होतो.

अथेन्सच्या बंदरातून बोटीने पाच तास. गावात गाडी जात नव्हती, रस्ते दगडी आणि पायऱ्या-पायऱ्यांचे. सामान हातगाडीवरून वर नेलं. गावाचं नाव तुझ्या तोंडी बसलं नाही. तू त्याला "दगडाचं गाव" म्हणालीस आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिलीस. हॉटेल म्हणजे जुन्या काळातल्या जहाजांच्या कप्तानांची पाचसहा घरं, आतून नव्याने सजवलेली. आपली खोली लांबीला माझी नऊ पावलं होती. खिडकीत समुद्र, गच्चीवरून समुद्र, पलंगावर पडलं तरी समुद्र. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचं बदाम काढलेलं होतं. तू ते आधी पाहिलंस, मग माझ्याकडे पाहिलंस, आणि सगळ्या पाकळ्या गोळा करून एका वाडग्यात भरल्यास. फुलांवर कोणी झोपतं का, म्हणालीस.

न्हाणीघराला खोलीच्या बाजूने काचेची भिंत होती. आरपार दिसणारी. तू ती दोन्ही बाजूंनी हात लावून तपासलीस.

"हे काय वं माय? भित बांधाची राह्यली काय यायची?"

"अशीच असते. मुद्दाम ठेवतात."

"मुद्दाम काऊन?"

 तू पिशवीतून हिरवी साडी काढलीस आणि काचेवरून पूर्ण लांबीची सोडलीस. सकाळी एलेनी नाश्ता घेऊन आली. हॉटेलचं दार उघडण्यापासून जेवण वाढण्यापर्यंत सगळं पाहणारी ही पन्नाशीची बाई. तिने साडी पाहिली, पदर बोटांत धरून पाहिला. दुपारी येऊन दोन मोठे चिमटे देऊन गेली, साडी घसरू नये म्हणून. तेव्हापासून तुम्ही दोघी मैत्रिणी झालात. तू वऱ्हाडीत बोलायचीस, ती ग्रीकमध्ये. मध्ये माझं इंग्रजी कोणालाच लागत नव्हतं.

तिच्या हातातल्या कागदावर आपली नोंद नवविवाहित अशी होती. कंपनीने घेतलेलं पॅकेज तशा जोडप्यांसाठीचं होतं. तिने कागद पाहिला, आपल्याला पाहिलं आणि हसू दाबलं.

"काय म्हनते?" तू मला विचारलंस.

"नवीन लग्न झालं का म्हणते."

"हाव म्हना. बुढ्याले पटवाले इतका टाइम लागला म्हना."

मी भाषांतर केलं नाही. तू हातवारे करून ते तिला कळवलंसच, आणि ती दाराला धरून हसली.

मला ती खोली पहिल्या संध्याकाळी आवडली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगावर आली. वर्तमानपत्र नव्हतं. टीव्ही नव्हता, तो नसणं हीच तिथली चैन होती. कोणाला फोन करावा असं काम नव्हतं. दार उघडलं की पायऱ्या, पायऱ्या उतरल्या की धक्का, धक्क्यावरून परत पायऱ्या. आजूबाजूला सगळी तरुण जोडपी, एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून बसलेली. आपण समोरासमोर बसायचो आणि मला तुझ्याशी बोलायला विषय सापडायचा नाही. घर, दादांची औषधं, अश्विनीचं स्थळ हे तीन विषय पहिल्याच जेवणात संपले होते. चौथा विषय आपल्याकडे नव्हता, ही माहिती मला तिथे मिळाली.

तुझं वेगळंच चाललं होतं. पहिल्या रात्री तू भारतातल्या चारच्या ठोक्याला उठून बसलीस, दादांची कूस बदलायची वेळ. दुसऱ्या रात्री चाळवलीस आणि परत झोपलीस. तिसऱ्या दिवशी नऊ वाजले तरी तुझे डोळे मिटलेले होते. तोंड किंचित उघडं, एक हात पलंगाबाहेर. मी खुर्ची ओढून बसलो आणि पाहत राहिलो. तुला दिवसाउजेडी झोपलेलं मी त्याआधी बाळंतपणातच पाहिलं होतं. उठल्यावर तू घड्याळ पाहिलंस आणि घाबरलीस. मग कुठे आहोत ते आठवलं तशी परत पडलीस.

गच्चीवर नाश्त्याला घट्ट दही यायचं, मध घालून. "हे तं चक्काच हाय," तू पहिल्याच घासाला निदान केलंस. "साखर टाकली का झालं सिरखंड." दुसऱ्या दिवसापासून एलेनी तुझ्यासाठी साखर वेगळी आणायची.

चौथ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. बॅगा दारात ठेवल्या होत्या. एलेनी वर आली आणि तिने हाताने समुद्र दाखवला. रात्रीत वारा सुटला होता. पाणी जागोजाग पांढरं फुटलेलं दिसत होतं. एवढा वारा असला की तिथे बंदराचे अधिकारी बोटी सोडत नाहीत. उद्या कदाचित, ती म्हणाली. खोली रिकामीच राहणार होती, कारण येणारे लोकही येऊ शकत नव्हते. तिने ती आपल्यालाच राहू दिली.

मी धक्क्यावर गेलो. बंदच्या पाटीसमोर उभा राहिलो. परत आलो. तासाभराने पुन्हा गेलो. बातमीदाराला बातमी कळेपर्यंत जागेवर उभं राहायची सवय असते, पण तिथे बातमी एकच होती आणि ती बदलत नव्हती. खोलीत आलो की भिंती जवळ आल्यासारख्या वाटायच्या. नऊ पावलं जायचो, नऊ पावलं यायचो. तू गच्चीत पाय वर घेऊन बसली होतीस.

"चार खेपा झाल्या तुमच्या. बोट काय तुमची वाट पाहून राह्यली?"

"इथं अडकलो आपण. समजते का तुले?"

"समजते ना." तू समुद्राकडेच पाहत होतीस. "तीन दिवसात जीव घाबरला तुमचा."

मी त्या वाक्याकडे तेव्हा लक्ष दिलं नाही. एका साध्या वाक्यात तू किती वर्षं मोजलीस, ते मला वडनेरला आल्यावरही कळलं नव्हतं.

दुपारी शांताबाईचा फोन आला. तू आवाज मोठा करून ठेवलास.

"काय बाई, हनिमून सरत नाई का तुमचा?"

"वारा हाय वन्सं. बोटी बंद हायेत."

"वारा आमच्याइकडं बी हाय. आमच्या यष्ट्या चालू हायेत." मग तिने आवाज उतरवला. "दादा दोन दिस झाले धड खाऊन नाई राह्यले. सूनच पाह्यजे म्हनतात. पाहा बाई, माह्यं काय, मी आपली तोंडापुढं ताट धरतो."

"मामाजीले द्या बरं फोन."

"झोपले."

फोन ठेवल्यावर तू गच्चीतून उठून आत आलीस आणि पलंगाच्या कडेवर बसलीस. पिशवी मांडीवर घेतलीस, जशी बसस्थानकावर बायका घेऊन बसतात. त्या क्षणापर्यंत त्या खोलीत फक्त मी अडकलो होतो. आता दोघं अडकलो. तू तशी दिवे लागेपर्यंत बसून होतीस. मी पुन्हा धक्क्यावर जाऊन आलो. 

वारा तिसऱ्या दिवशीही होता आणि तो नवमीचा दिवस होता. श्राद्धपक्षावर माझा विश्वास नाही, हे माझ्या नावाने छापून आलेलं आहे. तरी सकाळपासून मला चैन नव्हती. दादा पलंगावर पडून मुलाची वाट पाहत असतील आणि मुलगा गुलाबाच्या पाकळ्यांच्या वाडग्याशेजारी बसलेला आहे, हे चित्र डोळ्यांपुढून जात नव्हतं. ते तू ओळखलंस. नाश्त्यात त्या दिवशी तांदळाची दुधातली खीर आली होती, वरून दालचिनीची पूड. तू चाखून पाहिलीस.

"खीर हाय हे. वेलदोडे सरले असतीन, म्हनून दालचिनी टाकली बिचारीनं." मग मला म्हणालीस, "दक्षिन कोन्तीकडं?"

मी मोबाइलवर दिशा काढून दिली. तू गच्चीच्या कठड्यावर हॉटेलचा पांढरा रुमाल अंथरलास, त्यावर खीर वाढलीस, बाजूला पाण्याचं बोट फिरवलंस आणि माझ्या आईला हात जोडलेस.

"आत्याबाई, इतकंच गोड मानून घ्या. वडे नाई भेटले इथं."

कावळा त्या गावात आपण एकही पाहिला नव्हता. आली ती समुद्रावरची पांढरी पाखरं, कोंबडीपेक्षा मोठी. आधी एक. तू समाधानाने माझ्याकडे पाहिलंस. मग तीन, मग कठडाभर. खीर अर्ध्या मिनिटात संपली आणि ती शेजारच्या गच्चीवर वळली. तिथे नवं जोडपं अंडी आणि पाव घेऊन बसलं होतं. त्या मुलीने किंकाळी फोडली. पेला फुटला. नवरा खुर्ची उचलून पाखरांशी लढत होता. एलेनी खालून टॉवेल फिरवत धावत आली. तिने भिंतीवरची पाटी बोटाने दाखवली: पक्ष्याचं चित्र, त्यावर लाल काट. ती पाटी तू पहिल्याच दिवशी पाहिली होतीस. तुझ्या मते ते कबुतर होतं.

मी माझ्या बातमीच्या इंग्रजीत खुलासा केला. आज आईचा दिवस, मेलेल्या माणसांसाठी पाखरांना अन्न देतात, आमच्याकडचा पक्षी काळा असतो. एलेनीचा टॉवेल खाली आला. ती म्हणाली, त्यांच्याकडे मेलेल्यांच्या नावाने गहू उकडतात, साखर आणि डाळिंबाचे दाणे घालून देवळात वाटतात. मी तुला सांगितलं.

"घुगऱ्या!" तू ओरडलीस आणि तिचा हात धरलास.

ती गेल्यावर तू दार लावून घेतलंस आणि खाली फरशीवर बसून हसलीस. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसू थांबेना. "आत्याबाई अशाच होत्या," तू मध्येच श्वास घेऊन म्हणालीस, "बलावलं एकल्या बाईले, तं येत पंध्रा जनीले घेऊन." मीही हसलो. तुझ्या शेजारी फरशीवर बसलो, गुडघे दुखत असताना. निर्मला, त्या दहा मिनिटांसाठी मी तुझे आभार मानायला हवे होते. पस्तीस वर्षांतले माझे हिशेबातले सुखाचे क्षण काढायला बसलो तर ते पहिले लिहावे लागतील.

हसून झाल्यावर तू पदराने डोळे पुसलेस आणि पुसतापुसताच म्हणालीस,

"आवो, मले वापस नाई जायचं."

"इथं काय करशील?"

"इथं राह्यचं नाई म्हनून राह्यली मी. इथं काय हाय, पानीच पानी. मले त्या खोलीत वापस नाई जायचं." दादांची खोली. तू पुढचं सगळं ठरवून ठेवलेलं होतंस, एका दमात सांगितलंस. नांदुऱ्यात दिवसभर राहणारा माणूस मिळतो, तो ठेवा. तू मलकापूरच्या घरी राहशील, रोज एकदा वडनेरला येऊन दादांना पाहून जाशील. रात्री आपल्या घरी झोपशील.

मी म्हणालो, "दादा दुसऱ्याच्या हातचं खात नाईत."

"तुमी इचारलं त्यायले?"

"शांताबाईनं परवाच सांगितलं ना."

"वन्संचं नाई इचारलं मी. तुमी इचारलं का कदी? नऊ वर्षात?"

"तूच विचार की. तू रोज असते त्यायच्याजवळ."

"सुनेनं कसं इचारावं? टायाटाय वाट्टे ते. म्हाताऱ्याले वाटीन, इले मी जड झालो. पोरानं इचाराचं असते." तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास. "एकच गोष्ट इचारा. दुसऱ्याच्या हातचं चालीन का. नाई म्हनले तं मी पुन्हा तोंड उघडनार नाई."

मी म्हणालो, "पाहू."

‘पाहू’ हा शब्द वार्ताहर रोज वापरतो. संघटनेचा माणूस निवेदन घेऊन येतो, पाहू. कोणी अन्यायाची फाईल आणून ठेवतं, पाहू. त्याचा अर्थ दोन्ही बाजूंना माहीत असतो. तू हात काढून घेतलास.

पुढे वारा पडला, बोट सुटली, मुंबईहून गाडीने आपण मलकापूरला उतरलो. वडनेरच्या दारात शांताबाई बॅग भरून उभी होती. त्या संध्याकाळी तू दादांना भरवलंस आणि त्यांनी पूर्ण भाकर खाल्ली. "पाहा," शांताबाई म्हणाली, "म्हनलं नोतं मी?" मला तो पुरावा वाटला. तू माझ्याकडे पाहिलंस आणि ताट घेऊन आत गेलीस.

दिवाळीत तू एकदा विचारलंस, "इचारलं का?" मी म्हणालो, सणाचं कुठे. त्यानंतर तू विचारलं नाहीस. शनिवारी मी मोटारसायकल लावली की तू दारातून म्हणायचीस, "सुटली वाटते बोट आज." मी हसायचो. तूही हसायचीस. आपला वाद असा हसण्यात ठेवून दिलेला होता आणि मी तो संपला असं धरून चाललो होतो. प्रश्न मला अवघड वाटत होता असं नाही. दादा नाही म्हणाले तर प्रश्न मिटेल, आणि हो म्हणाले तर वडनेरच्या रात्रींचा भार माझ्यावर येईल, हे मला आतून ठाऊक होतं. म्हणून मी विचारलं नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

माघात, मंगळवारी, शेजाऱ्याचा फोन आला तेव्हा मी मलकापुरात होतो. पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. दादांच्या पलंगाजवळ स्टुलावर अर्धी वाटी वरण-भाकर होती, चमचा बाजूला नीट ठेवलेला. तू पाणी आणायला म्हणून आत गेली होतीस. तू पडल्याचा आवाज दादांना आला होता. त्यांना उठता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. डाव्या हाताने ते पलंगाची दांडी वाजवत राहिले. शेजाऱ्याने तो आवाज ऐकला. किती वेळ वाजवली ते दादांना सांगता आलं नाही.

तेरवीपर्यंत शांताबाईने दादांचं केलं. ताट घेऊन आत जायची, दार ओढून घ्यायची, बाहेर येऊन मान हलवायची. तेरवीच्या दुपारी जेवणं झाल्यावर बाया ओसरीत बसल्या होत्या. शांताबाई अश्विनीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आता हिचं तं काम लॅपटॉपवरच असते. इथंच बसून कर म्हना. आजोबाले नातीची सवय होईन. नातीचा हात सुनेवानीच."

बायांनी माना हलवल्या. एकीने, "खरं हाय," म्हटलं. अश्विनीने आधी जमिनीकडे पाहिलं, मग मला म्हणाली, "बाबा, मी ऑफिसात विचारून बघते. सहा महिने तरी देतील."

हुकूम कोणीच केला नव्हता. एकीने वाक्य टाकलं, दोघींनी मान हलवली आणि पोरगी आपल्या पायांनी त्या खोलीकडे निघाली होती. तू कशी आत गेलीस, ते मी तेव्हा हजर असूनही पाहिलं नव्हतं. या वेळी समोर पाहिलं.

मी म्हणालो, "अश्विनी उद्या पुण्याले जाईन. शांताबाई, तू जानेफळले जाय. दादाचं मी पाहतो."

"तू?" शांताबाईला खरंच हसू आलं. "चहा करता येत नाई तुले. तुह्या हातचं खातीन ते?"

"नाई खाल्लं तं शिकीन."

"चार दिसात फोन करशीन मले."

अश्विनी रात्रभर माझ्याशी भांडली. आईसारखीच, आवाज न चढवता. सकाळी तिला मलकापूर स्टेशनवर गाडीत बसवलं. तिने खिडकीतून सांगितलं की दर रविवारी येईन, आणि मी म्हणालो की ये, पण परतीचं तिकीट काढून ये. शांताबाई दुपारच्या बसने गेली.

मग घरात दादा आणि मी. पितरपक्षात तू शांताबाईसाठी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेला कागद अजून खिळ्याला होता. चारला कूस. सहाला तोंड पुसणं. औषध जेवणाआधी. भाकर वरणात मऊ कुस्करणं, घास गार करून देणं, घाई न करणं. तुझं अक्षर बातमीदारापेक्षा स्वच्छ आहे. मी त्याप्रमाणे सगळं केलं. कुस्करायला पंधरा मिनिटं लागली. वाटी घेऊन त्यांच्या उशाशी बसलो. पहिला घास पुढे केला तेव्हा ते तोंड फिरवतील अशी माझी पक्की माहिती होती.

त्यांनी घास घेतला. चावला, गिळला. दुसरा घेतला. अर्धी वाटी झाली. तेव्हा मी विचारलं.

"दादा, तुमी दुसऱ्याच्या हातचं खात नाई ना?"

 जीभ जड असल्याने त्यांना एकेका शब्दाला वेळ लागतो.

"शांतीनं एकदा गरम घास देल्ला. तोंड भाजलं. मी फिरवलं."

"आन् मंग?"

"मंग काय. तुमीच ठरोलं." त्यांनी श्वास घेतला. "मले कोनं इचारलं?"

हे उत्तर तुझं आहे, म्हणून जसंच्या तसं लिहिलं. वाटीत अजून चार घास होते. दादांनी तोंड उघडलं. मी घास गार केला आणि भरवला.